मागच्या सीटवर माणसं बसलेली असताना: मोटर ट्रेनिंग स्कूलचा दहा दिवसांचा रिफ्रेशर, नाशिक

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहितो. स्कूलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तक्रारी पण करणार आहे आणि ज्या माणसामुळे मला फायदा झाला तो तिथे पगारावर आहे, त्याला माझ्यामुळे त्रास नको. गंगापूर रोडच्या बाजूला अशी बरीच स्कूल आहेत, कुठेही गेलात तरी काय विचारायचं, काय मागून घ्यायचं हे कळावं म्हणून एवढं लिहितोय. आणि हे नवीन शिकणाऱ्यांसाठी नाहीये. जे आधी गाडीवर होते, माणसांच्या भीतीने गाडी सोडली आणि आता परत यायचंय, त्यांच्यासाठी आहे. असे बरेच जण आहेत हे मला आता माहितीये, कुणी बोलत नाही एवढंच.

माझं आधी सांगतो म्हणजे कळेल. मी नऊ वर्षं टी परमिटची, म्हणजे टुरिस्ट टॅक्सीची डिझायर चालवली, मालकाची गाडी. नाशिक रोड स्टेशनवरून त्र्यंबक, शिर्डी, वणी, शनी शिंगणापूर हेच रोजचं. २०१५ च्या सिंहस्थात तर रात्र कधी झाली दिवस कधी उगवला समजत नव्हतं. गाडीची भीती मला कधीच वाटली नाही, कसारा घाटात पावसाळ्यात धुक्यात पण नाही. भीती वाटायची ती मागे बसलेल्या माणसांची. ते माझ्याकडे बघतायत, मी चुकलो तर काय म्हणतील, मी बोललो तर आवाज कापलेला त्यांना कळेल, हे सगळं डोक्यात सतत चालू. फोन वाजला की छातीत धडधड व्हायची, तळहात इतके ओले व्हायचे की स्टिअरिंगला रुमाल गुंडाळून चालवायचो. शाळेत धडा वाचायला उभं केलं की असंच व्हायचं, तेव्हापासूनचं आहे हे. घरचे म्हणायचे लाजाळू आहे, होईल नीट.

मग २०२१ च्या शेवटी शिर्डीला पार्किंगमध्ये एक प्रकार झाला. पॅसेंजर दर्शन करून बाहेर आले आणि मला फोन करत होते, आणि मी फोन हातात धरून नुसता बघत बसलो, उचलवेनाच. पाऊण तास ते गाडी शोधत फिरले, सोबत म्हातारी आई होती त्यांच्या. सापडल्यावर सगळ्या ड्रायव्हर लोकांसमोर जे बोलायचं ते बोलले, आणि चूक माझीच होती त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. परत येताना पूर्ण नव्वद किलोमीटर गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मालकाला चावी दिली. त्यानंतर साडेतीन वर्षं अंबडला एका गोडाऊनमध्ये नाइट शिफ्ट केली, कारण तिथे रात्री कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

गेल्या वर्षी बायकोने १४४१६ नंबर दिला, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. मी दोन वेळा लावून कट केला. तिसऱ्या वेळी रात्री अडीचला गोडाऊनच्या बाहेर उभं राहून बोललो. तिकडून त्यांनी सांगितलं की मानसोपचारतज्ज्ञाला एकदा दाखवा, मग दाखवलं आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की याला सोशल अँक्झायटी म्हणतात, हा आजार आहे, याला उपचार आहेत. गोळी चालू झाली आणि काउन्सेलर मॅडमकडे आठवड्याला एकदा बसणं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं काम काय करता, ड्रायव्हर म्हटल्यावर म्हणाले गोळी अंगवळणी पडेपर्यंत, झोप येते का गरगरतं का ते नीट समजेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गोळीचा फरक कळायला महिना दीड महिना लागला. आमच्या लाइनीत काही जण मेडिकलमधून कुणाच्या तरी चिठ्ठीवर शांत करणारी गोळी आणतात, क्लोनाझेपाम वगैरे, आणि ती घेऊन गाडीवर बसतात. ते कृपा करून करू नका. तिने झोप येते, ब्रेकवर पाय उशिरा जातो, आणि मागे कुणाची तरी लेकरं बसलेली असतात.

मॅडमनी माझ्याकडून वहीत दहा पायऱ्या लिहून घेतल्या. प्रत्येकीसमोर भीती किती ते शंभरपैकी. रिकामी गाडी कॉलनीत फिरवणे २०. मागे अनोळखी माणूस बसलेला असताना चालवणे ६०. बंद पडलेली गाडी सगळे बघत असताना परत चालू करणे ७०. पॅसेंजरला आपणहून फोन करणे ८५. शिर्डीच्या पार्किंगला ट्रिप घेऊन जाणे १००. त्या म्हणाल्या तुम्ही टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणूनच मनाला पटतं की टाळलं तेच बरं केलं, मग पुढच्या वेळी भीती तेवढीच राहते किंवा वाढते. उलट भीती वाटत असताना तिथेच थांबलं तर ती काही वेळाने आपोआप खाली येते, फक्त ते अनेकदा करावं लागतं आणि खालच्या पायरीपासून वर जावं लागतं. आता खालच्या पायऱ्यांसाठी गाडी पाहिजे, आणि माझ्याकडे गाडी नाही. म्हणून हा कोर्स.

लायसन्सचं पण याच वेळी केलं, त्यात एक माहिती कामाची आहे. ट्रान्सपोर्ट लायसन्सची (भाड्याची गाडी चालवायला लागतं ते) मुदत आता पाच वर्षांची असते, आणि मुदत संपून एक वर्षाच्या आत रिन्यूला गेलात तर परत ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही, वर्ष उलटलं की द्यावी लागते. माझे आठ महिने झाले होते. मी टेस्टच्या भीतीने सहा महिने पुढे ढकलत होतो, पेठ रोडला आरटीओच्या ट्रॅकवर सगळे बघत असताना गाडी चालवायची या विचाराने, आणि टेस्ट लागणारच नव्हती. अजून चार महिने ढकललं असतं तर मात्र नक्की लागली असती. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, सोबत फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरांचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं. ढकलत बसू नका.

आता कोर्स. चौकशीसाठी फोन करणं मला शक्य नव्हतं म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला आणि त्यांनी मेसेजवरच सगळं सांगितलं, फोन करा म्हणून मागे लागले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. दहा दिवस, रोज अर्धा तास, ३५०० रुपये, गाडी वॅगनआर, डबल कंट्रोलची, म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूला पण क्लच-ब्रेक. पहिल्या दिवशी ऑफिसात गेलो तर काउंटरवरच्या ताईंनी फॉर्म बघून मोठ्याने विचारलं, नऊ वर्षं गाडी चालवली ना, मग आता शिकायला कशाला आलात? बाकावर सहा जण बसले होते, सगळ्यांनी वर बघितलं. मी पैसे तिथेच ठेवून निघणार होतो. त्यांच्या मनात काही वाईट नसेल, पण ज्याला ते सहन होत नाही अशा माणसाचा दिवस तिथेच संपतो. अर्ध्या स्टारचं हे कारण.

दुसरी गोष्ट जी मला आधी माहीतच नव्हती, बॅचमध्ये एकजण चालवत असतो तेव्हा बाकीचे दोघं मागच्या सीटवर बसलेले असतात, त्यांचा नंबर येईपर्यंत. म्हणजे माझी ६० नंबरची पायरी पहिल्याच दिवशी. मी व्हॉट्सॲपवर विचारलं एकट्याचा स्लॉट मिळेल का, तर म्हणाले मिळेल, दिवसाला दीडशे जास्त. मी पहिले तीन दिवस एकट्याचे घेतले आणि उरलेले सात बॅचमध्ये. मॅडमना विचारूनच तसं केलं. सगळे दहा एकट्याचे घेऊ नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि त्यांचं बरोबर होतं. परत यायचं असेल तर मी हीच विभागणी सांगेन.

शिकवणारे काका एसटीतून रिटायर झालेले, वय साठीच्या पुढे, बोलणं एकदम कमी. पहिल्या दिवशी मी गाडीत बसलो आणि सवयीने आतला आरसा थोडा वर केला. ते काही बोलले नाहीत. कॉलेज रोडवरून एक चक्कर मारली, गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि मग विचारलं,

"भाऊ, आरसा वर कोणी केला?"

"मीच केला."

"मागची काच दिसते का त्यात?"

"नाही."

"मग काय दिसतं?"

छत दिसत होतं. मी नऊ वर्षं असंच चालवत होतो, आरसा वर करून, म्हणजे मागे बसलेल्यांचे डोळे दिसू नयेत. साइडच्या आरशांवर भागवायचो. हे मी तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, मला स्वतःला सुद्धा ती एक सवय आहे एवढंच वाटायचं. काकांना म्हटलं, काका मला मागच्या लोकांची तोंडं दिसली की चालवता येत नाही. त्यांनी आरसा दोन बोटांनी खाली केला, मागची काच पूर्ण दिसेल असा लावला आणि म्हणाले, "एसटीत चव्वेचाळीस माणसं असायची मागं. आपण काच बघायची." एवढंच. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी तो आरसा वहीत वेगळा लिहून घेतला, म्हणाल्या अशा लपायच्या सवयी शोधून एकेक काढायच्या असतात, त्या असल्या की भीती कधी कमी झाली ते मनाला कळतच नाही, सगळं श्रेय त्या सवयीला जातं. तेव्हापासून गाडीत बसलो की आधी आरसा खाली.

चौथ्या दिवशी मागे दोघी होत्या, एक कॉलेजची मुलगी आणि आकाशवाणी टॉवरजवळ राहणाऱ्या एक काकू, नुकत्याच रिटायर झालेल्या. जेहान सर्कलला सिग्नल सुटला आणि माझ्याकडून गाडी बंद पडली. नऊ वर्षं चालवलेल्या माणसाकडून. मागून हॉर्न सुरू झाले, एक बाइकवाला शेजारून जाताना काहीतरी बोलून गेला. मला माझे कान गरम झालेले कळत होते, हात कापत होता, चावी फिरवली तर गिअर तसाच होता म्हणून गाडीने धक्का खाल्ला आणि परत बंद. मला वाटलं आता काका त्यांच्या बाजूचा क्लच दाबतील आणि गाडी काढतील. मी खाली बघितलं. त्यांनी दोन्ही पाय पेडलवरून काढून मागे सीटखाली ओढून घेतले होते, साध्या चपला, मॅटवर सपाट टेकवलेल्या. आणि समोर बघत बसले होते. म्हणजे गाडी मीच काढायची होती. न्यूट्रल केलं, चालू केली, पहिला टाकला, हाफ क्लचवर सोडली आणि निघाली. तोपर्यंत सिग्नल परत लाल व्हायला आला होता. पुढे शंभर दोनशे मीटर गेल्यावर मी आरशात बघितलं, मुद्दाम बघितलं, तर मुलगी मोबाइलमध्ये होती आणि काकू खिडकीबाहेर भाजीवाल्याकडे बघत होत्या.

हे सांगताना सोपं वाटतं. घरी गेल्यावर मी अंथरुणात पडून राहिलो दुपारभर, आणि पाचव्या दिवशी गेलो नाही. ते पण लिहिलं पाहिजे. काकांचा मेसेज आला, उद्या साडेसहाला. बाकी काही विचारलं नाही. सहाव्या दिवशी गेलो. बुडालेला दिवस त्यांनी शेवटी भरून दिला, ऑफिसला न सांगता.

त्यानंतर काकांनी जे केलं ते कुठल्याच कोर्समध्ये नसतं. स्कूलची गाडी विद्यार्थ्यांना घरून उचलते. म्हणजे कुणाच्या तरी बिल्डिंगखाली थांबून फोन करावा लागतो, गाडी आलीय, खाली या. रोज काका करायचे. सहाव्या दिवशी आकाशवाणी टॉवरजवळ गाडी लावली, हँडब्रेक ओढला, आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तू लाव." (तोपर्यंत तुम्ही म्हणायचे, त्या दिवसापासून तू.) माझ्या वहीत ही ८५ ची पायरी. मी वाक्य मनात चार वेळा म्हणून बघितलं, मग लावला. काकू, गाडी खाली आलीय. तिकडून आवाज आला, हो हो दोन मिनिटं, कुकर बंद करते. आणि फोन ठेवला. सात-आठ सेकंदांचा कॉल. या कॉलसाठी मी साडेतीन वर्षं गाडी सोडून बसलो होतो. पुढचे सगळे दिवस दोघींनाही फोन मीच केले, शेवटी शेवटी वाक्य आधी म्हणून न बघता.

रविवार कारंजाला एकदा रिव्हर्स लावायला लावली, सकाळी दहाला, सगळी दुकानं उघडत असताना. लोक थांबून बघतात, हात करून सांगतात, येऊ दे येऊ दे, बास बास. आधी मला ते सगळे माझी परीक्षा घेतायत असं वाटायचं. त्या दिवशी तीन वेळा मागेपुढे करावं लागलं आणि लागली. त्याच्याबद्दल जास्त काही नाही.

आता उरलेल्या तक्रारी. अर्धा तास म्हणतात पण कुणाला उचल, कुणाला सोड यात बऱ्याचदा वीस बावीस मिनिटंच हातात गाडी राहते, घड्याळ लावून बघितलं मी. सिम्युलेटरच्या नावाने एक खुर्ची आणि टीव्ही आहे, परत येणाऱ्या माणसाला त्याचा शून्य उपयोग, दोन दिवस त्यात घालवू नका, तेवढे दिवस रस्त्यावर मागून घ्या, देतात. गाडीचा क्लच फार वर सुटतो, दुसऱ्या गाडीवर बसलं की सुरुवातीला गडबड होते. मोठी गाडी नाही त्यांच्याकडे, टूरला आता सगळे अर्टिगा मागतात, त्यावर हात बसवायला वेगळी सोय करावी लागेल. घाटाची प्रॅक्टिस बोर्डवर लिहिलीय पण करून घेतली नाही, रात्रीचं ड्रायव्हिंग तर नाहीच. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. हा झाला उरलेला अर्धा स्टार.

स्कूल निवडताना तीन गोष्टी आधी मेसेजवर विचारा: मागे किती जण बसतात, एकट्याचे दिवस मिळतात का, आणि शिकवणारा रोज तोच असतो का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. रोज नवीन माणूस शेजारी असेल तर आमच्यासारख्याला रोज पहिला दिवस. आणि शक्य असेल तर शिकवणाऱ्याला एका वाक्यात सांगून टाका. मी एवढंच म्हटलं होतं, माणसं बघत असली की माझा हात कापतो, डॉक्टरांकडे औषध चालू आहे. त्यांनी एवढंच विचारलं की औषधाने झोप येते का, नाही म्हटल्यावर विषय संपला. आणि एक, हा कोर्स म्हणजे उपचार नाही. मॅडम आणि डॉक्टर नसते तर चौथ्या दिवसानंतर मी परत गेलोच नसतो, हे मला पक्कं माहीत आहे.

कोर्स संपून पाच आठवडे झाले. जुन्या मालकालाच भेटलो, सिंहस्थ तोंडावर आलाय, ड्रायव्हर मिळत नाहीत त्यामुळे त्याने फार प्रश्न विचारले नाहीत. आधी पंधरा दिवस फक्त स्टेशन आणि ओझर विमानतळाचे ड्रॉप घेतले. मग त्र्यंबकची पहिली पूर्ण ट्रिप, वर्ध्याचं कुटुंब, चार माणसं. स्टेशनवर फोन मी केला, पांढरी डिझायर, एमएच १५, बाहेर पडलात की डावीकडे उभा आहे. आवाज कापला माझा, पण ते म्हणाले हो दादा आलोच. अंजनेरीपाशी त्यांच्या आजींनी विचारलं हाच का तो डोंगर, मारुतीचा, आणि मी आरशात बघून सांगितलं हो हाच. त्र्यंबकला पार्किंगमध्ये दोन तास थांबलो तेव्हा सारखा फोन बघत होतो, पोटात गोळा होता, आणि वाजला तेव्हा तिसऱ्या रिंगला उचलला.

शिर्डीची ट्रिप मात्र अजून घेतली नव्हती, मालकाने दोनदा विचारलं आणि मी दोनदा दुसऱ्याला द्यायला लावली. काल परत विचारलं. शनिवारची आहे, सिन्नरमार्गे, पहाटे पाचला निघायचंय, तीन माणसं. हो म्हटलंय.